उंद्रीच्या पुढची पांदण

खरं की खोटं ते तुम्ही ठरवा, असं मी म्हणणार नाही. हे खरंच आहे.

माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. त्या दिवशी ज्यांनी खांदा दिला ती माणसं साखरखेर्ड्यात आजही हिंडती-फिरती आहेत. जाऊन विचारा.

सांगतील की नाही, ते मात्र मला माहीत नाही.

आणि एक आधीच सांगते. अशा गोष्टींत अमावस्येची रात्र असते, पिंपळ असतो, पैंजण वाजतात. इथे त्यातलं काहीएक नाही. लख्ख दुपार होती. २०१४ साल. दिवाळी नुकतीच झालेली. कापूस फुटून वावरंच्या वावरं पांढरी झालेली...

त्या पांढऱ्या वावरात माझा भाऊ अडकला होता.

प्रेमचं मलकापूरला कृषी केंद्र आहे. जूनमध्ये बीटीच्या बियाण्यासाठी दुकानापुढे ही रांग लागते. तेव्हा त्याला जेवायची शुद्ध नसते. पण हंगाम सरला की गडी मोकळा. मग बुलेट काढायची आणि भटकायचं. कोकण झालं, राजस्थान झालं. पुढच्या उन्हाळ्यात लेहला जायचं घाटत होतं, आणि त्यासाठी त्याला जीपीएस हवा होता.

आता मोबाईल होता की खिशात. पण नाही! मोबाईलला रेंज लागते. उन्हात स्क्रीन दिसत नाही. पावसात भिजला की मेला. मग मित्राच्या कारमधला जीपीएस आणून हँडलला बांधून पाहिला. हँडलच्या थरथरीने तो नांदुऱ्याच्या अलीकडे निसटला आणि मागून येणाऱ्या ट्रकखाली गेला. मित्र अजून बोलत नाही. त्यानंतर महिनाभर आमच्या घरी एकच पुराण. मोटरसायकलसाठी बनवलेलाच पाहिजे. आत पाणी जाता कामा नये. हातमोजे घालून बोट चाललं पाहिजे. गाडीच्या बॅटरीवर चालला पाहिजे, नाहीतर घाटात मधेच मान टाकायचा. आवाज हेल्मेटच्या आत कानात आला पाहिजे. लग्नासाठी मुली पाहिल्या तेव्हा या माणसाने एवढी चौकशी केली नव्हती.

शेवटी एक घेतला. तळहाताएवढा, काळा, जाड रबराच्या कडांचा. त्यातून एक बाई हिंदीत रस्ता सांगायची. मी तिचं नाव 'वहिनी' ठेवलं, कारण प्रेम आमच्यापैकी कुणाचं ऐकत नसे, तिचं निमूट ऐकायचा.

कंपनीच्या नकाशात आमच्या जिल्ह्यातले डांबरी रस्तेसुद्धा धड नव्हते. म्हणून त्याने दुसरा नकाशा भरला. जगभरातले हौशी लोक स्वतः हिंडून, जुने नकाशे धुंडाळून तो बनवतात आणि फुकट देतात. त्यात पायवाटा होत्या, बंधारे होते, पांदणीसुद्धा होत्या. पांदण म्हणजे दोन वावरांमधून जाणारी जुनी बैलगाडीची वाट. प्रेमला कोण आनंद! त्याने 'सर्वात जवळचा रस्ता' ही सेटिंग निवडली, आणि 'कच्चे रस्ते टाळा' यापुढची खूण काढून टाकली. टूरिंगची खरी मजा कच्च्यातच असते म्हणे.

आमच्या आबांना दाखवायला मोठ्या हौसेने साखरखेर्ड्याच्या घरी घेऊन आला. आबांनी डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि परत दिला.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा," ते म्हणाले. "मानसाले इचारत जाय ना बे रस्ता!"

आबा म्हणजे आमचे आजोबा, उकंडराव. आमचे वडील आम्ही लहान असतानाच गेले. आबांनीच आम्हाला वाढवलं. पोटच्या पोराला अग्नी द्यायची वेळ त्यांच्यावर आली होती. त्या दिवशी स्मशानातून परतताना त्यांनी प्रेमचं मनगट धरून सांगितलं होतं, "माह्या टायमाले तू पाह्यजे बापा. दुसऱ्या कोनाचा हात नको."

दिवाळीनंतर एका सकाळी ते आबा गेले.

मी तेव्हा साखरखेर्ड्यालाच होते. प्रेमला फोन मीच केला. तो रडला नाही. फक्त म्हणाला, "निंघालो."

भगवानकाका, आबांचे पुतणे, अंगणात बसून सगळी जुळवाजुळव करत होते. त्यांनी बजावलं, "त्याले म्हना, पटकन ये. दिवस बुडाल्यावर आग देता येत नाई. आपल्याले उन्हं हायेत तवरच उचलनं लागंन."

मलकापूरहून खामगाव, खामगावहून उंद्री. तिथपर्यंत काही म्हणजे काही झालं नाही. उंद्रीच्या एका टपरीवर प्रेमने तोंडावर पाणी मारलं आणि मला फोन केला.

"उंद्रीले आलो, प्राची. तुम्ही उचला. मी थेट स्मशानातच येतो."

हा त्याचा शेवटचा फोन.

उंद्री सोडल्यावर थोड्याच वेळात वहिनी कानात बोलली. आगे बाएँ मुड़ें.

स्क्रीनवर डांबरी रस्ता मोठा वळसा घेऊन गेलेला दिसत होता. आणि त्याला छेद देऊन एक बारीक रेष, सरळ, साखरखेर्ड्याच्या अंगाला. एरवी प्रेमने थांबून कुणाला तरी विचारलं असतं. पण डोक्यात एकच गोष्ट होती. आबा वाट पाहताहेत. त्याने हँडल डावीकडे वळवलं.

सुरुवातीला पांदण चांगली होती. दोन्ही बाजूंनी बाभळी. गाडी चालेल एवढी रुंद. काळ्या मातीत चाकोऱ्या पडलेल्या. बाभळी संपल्या आणि कपाशी सुरू झाली.

उंच कपाशी. बुलेटवर बसलेल्या माणसाच्या खांद्याला लागेल एवढी. कापूस इतका फुटलेला की बोंडांतून खाली लोंबत होता.

आणि तिथेच त्याला पहिल्यांदा काहीतरी खटकलं...

वेचणारं कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे कापूस वेचायला बाई मिळणं म्हणजे देव भेटणं. ज्याला बाया मिळाल्या त्याच्या वावरात रांगच्या रांग असते. कमरेला ओटे, म्हणजे कापूस टाकायच्या झोळ्या, बांधलेले, हात चालू, तोंड त्याहून चालू. हसणं काय, भांडणं काय, लांबून ऐकू येतं. इथे लोंबता कापूस वाऱ्यावर सोडलेला, आणि माणूस नाही. बैल नाही. विहिरीवरच्या मोटरीचा आवाज नाही. एखादा होला पक्षी घुमत नाही.

गाडीचा आवाज तेवढा. आणि कानात वहिनी.

सीधे चलें.

वाटेत एका कोपऱ्यावर निळं प्लास्टिकचं पिंप होतं. फवारणीचं औषध कालवायला ठेवतात तसलं, वरून कापलेलं. प्रेम त्याच्या बाजूने गेला. पुढे गेला. बराच पुढे गेला.

आणि समोर निळं पिंप आलं.

असेल दुसरं, त्याला वाटलं. कंपन्या फुकट वाटतात, घरोघरी तसलीच पिंपं. तो पुढे गेला.

पुन्हा निळं पिंप. तसंच कापलेलं. काठावर तोच वाळलेला पांढरा ओघळ...

प्रेमने गाडी थांबवली. स्क्रीन पाहिली. आपण जिथून जातो तिथे मागे निळी रेष उमटत जाते. गोल फिरला असता तर रेषेचा गुंता दिसला असता. रेष सरळ होती. छडीसारखी सरळ. तो सरळ चालला होता.

फक्त उरलेलं अंतर कमी होत नव्हतं.

मोबाईल काढला. रेंज नाही. गाडी वळवली. आल्या वाटेने परत जाऊ, डांबरी धरू, वळसा पडला तर पडला. पण मागेही तीच पांदण, तीच कपाशी, आणि पाहता पाहता तेच पिंप.

त्याने वहिनीलाच शिवी हासडली. नकाशात बिघाड आहे, दुसरं काय! यंत्राच्या नादी लागून आपण वेडे झालोय. त्याने बटण दाबून धरलं. स्क्रीन काळी झाली.

त्याने मान वर केली...

रस्ता नव्हता.

पुढे नाही. मागे नाही. गाडी उभ्या कपाशीच्या ऐन मधोमध उभी होती. दोन्ही आरशांना फांद्या टेकल्या होत्या. चाकांखाली चाकोरी नव्हती, वखरलेली भुसभुशीत माती होती. मागे एकही फांदी मोडलेली नव्हती. जणू कुणी गाडी वरून उचलून तिथे ठेवली होती.

प्रेम सांगतो, त्या क्षणी त्याला भीती वाटली नाही. लाज वाटली. एवढा घोडा झालेला माणूस, आई म्हणून ओरडला.

त्याने बटण पुन्हा दाबलं. स्क्रीन उजळली. कानात वहिनी म्हणाली, सीधे चलें.

आणि समोर पांदण होती. चाकोऱ्यांसकट.

म्हणजे रस्ता होता तो फक्त त्या यंत्रात होता. यंत्र चालू ठेवलं तर रस्ता, पण तो कुठेच पोचत नाही. बंद केलं तर रस्ताच नाही. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

त्याने गाडी तिथेच लावली आणि कपाशीत घुसला. सरळ एका ओळीने चालत जायचं. वावर केवढंही असलं तरी कधीतरी धुरा लागतो, बांध लागतो. फांद्या अंगाला ओरबाडत होत्या. तो चालत राहिला. आणि मग शेजारच्या ओळीतून आवाज आला...

खसफस.

वाळल्या पानांवरून कुणीतरी चालत होतं. एक जण नाही. बरेच. अनवाणी पावलं, जड, एका तालात. ओझं नेणारी माणसं चालतात तशी.

"कोन हाय?" प्रेम ओरडला. "ओ भाऊ! रस्ता कोनता?"

तो थांबला. पावलं थांबली.

तो निघाला. पावलं निघाली.

त्याने दोन्ही हातांनी फांद्या बाजूला केल्या. पलीकडची ओळ रिकामी होती. पण तिथली झाडं हलत होती. एकामागून एक, पुढे पुढे, जणू कुणी त्यांना खांदा घासून जातंय.

तो पळाला. वेड्यासारखा, वाट फुटेल तिकडे. आणि बाहेर पडला तो गाडीपाशी.

गाडीपुढच्या पिंपाला टेकून आता एक म्हातारी बसली होती.

अंगावर विरलेलं लुगडं. पदर डोक्यावरून घेऊन नाकापर्यंत ओढलेला. उकिडवी नाही, पाय लांब करून बसलेली. एवढ्या वेळात दिसलेलं पहिलं माणूस. प्रेमच्या जिवात जीव आला.

"आजी, साखरखेर्ड्याचा रस्ता कोनता?"

म्हातारीने मान वर केली नाही. "मले बसवून ने बाप्पा. मले जाच्चं हाय."

"मले घाई हाय आजी. माह्या घरी मयत हाय. तुम्ही नुसता रस्ता सांगा."

"मले बी घाईच हाय," म्हातारी म्हणाली. "कवाची घाई हाय."

आता यात माझ्या भावाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही थांबले नसते. तिकडे आबांना उचललंही असेल, उन्हं उतरायला लागलेली. त्याने हात जोडले, गाडीला किक मारली आणि निघाला.

पुढे पिंप होतं. म्हातारी तिथेच.

"ने ना बाप्पा."

तो थांबला नाही. पुन्हा पिंप. पुन्हा ती. प्रत्येक खेपेला पांदणीच्या जरा आणखी मधे सरकलेली. शेवटी तर तिचे पाय चाकोरीत आडवे आले होते. तिच्या अंगावरून गाडी घातल्याशिवाय पुढे जाता आलं नसतं.

ऊन पिवळं पडलं होतं. कपाशीच्या सावल्या पांदणीवर चढल्या होत्या. प्रेमने मान हँडलवर टेकवली आणि आता मात्र तो हमसून हमसून रडला. आबा गेले म्हणून नाही. आबांना दिलेला शब्द गेला म्हणून.

रडून झाल्यावर तो खाली उतरला. "चला आजी. कुठं सोडू?"

"पांदणीच्या मुंडीवर. नाल्याच्या काठी."

"उठा मंग."

"चालता येऊन नाई राह्यलं."

त्याने तिच्या पायांकडे पाहिलं...

दोन्ही पायांचे अंगठे एकत्र बांधलेले होते. कच्च्या सुताने. घट्ट.

ज्यांनी घरातलं माणूस पोचवलंय त्यांना सांगायला नको, पायाचे अंगठे असे कधी बांधतात.

प्रेम म्हणतो, त्याला तेव्हाच सगळं कळलं. आणि कळल्यावर भीती गेली. कुठे पळणार होता? त्याने तिला दोन्ही हातांवर उचललं. अंगाला वजन नव्हतं. ओटाभर कापूस जेवढा जड, तेवढीच. तिला मागच्या सीटवर एका अंगाने बसवलं आणि पुढे बसला.

आणि मग वजन आलं.

मागचं चाक मातीत रुतलं. स्प्रिंगा करकरल्या. एका बाईचं वजन नव्हतं ते. चार-सहा माणसं एकदम चढल्यासारखी गाडी खाली बसली. प्रेमने गिअर टाकला. इंजिन घुसमटलं, पण गाडी हलली.

स्क्रीनवरची रेष बदलली होती. त्याने बोट लावलं नव्हतं. साखरखेर्डा स्क्रीनवर नव्हतंच. एक छोटी वाट होती, नाल्यापर्यंत. कानात वहिनी गप्प होती.

दोन्ही बाजूंच्या कपाशीतून पावलं चालली होती. खसफस, खसफस, गाडीच्या बरोबरीने. मागून मानेवर गार, ओल्या मातीचा वास येत होता. प्रेमने आरशात पाहिलं नाही. पाहावंसं वाटत होतं, तरी पाहिलं नाही.

पिंप आलं नाही.

नाला आला. बेशरमाच्या झुडपांत चार लोखंडी खांबांवर गंजलेला टिनाचा पत्रा. एका छोट्या वस्तीचं स्मशान. बरीच वर्षं तिथे कुणी आलेलं दिसत नव्हतं. दहनाच्या ओट्यावर गवत वाढलं होतं.

गाडी थांबली. पाठीमागचं वजन उतरलं. पावलं खांबांपाशी गेली आणि थांबली. प्रेमने डोळे मिटून घेतले होते.

कानाशी म्हातारीचा आवाज आला, मऊ, दमलेला.

"जाय आता. तुमचंही निंगू दे."

त्याने डोळे उघडले तेव्हा कुणी नव्हतं. तिकडे आबांचं काही अडलंय, हे त्याने तिला सांगितलं नव्हतं; त्यालाच माहीत नव्हतं. मयत आहे, एवढंच सांगितलं होतं. पण त्या वेळी त्याला ते सुचलं नाही. नाल्याच्या पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते. डांबरी रस्ता! त्याने बुलेट नाल्यातून घातली, वर काढली आणि जी सोडली ती साखरखेर्ड्याचं स्मशान येईपर्यंत थांबवली नाही.

सूर्य शेंदरी झाला होता. सगळं आटोपलं असणार. राख उरली असेल, तिच्यापुढे डोकं टेकवू, असं मनाशी बोलतच तो फाटकाशी पोचला.

आत सरण रचलेलं होतं. कोरडं. न पेटवलेलं. लाकडं रचून कडूबा, गावात सरण रचणारा, एकटा वाट पाहत बसला होता.

आणि मागून, गावाच्या रस्त्याने, आबांची ताटी, म्हणजे तिरडी, येत होती.

भगवानकाका पुढे होते. हातात मडकं. खांदेकऱ्यांची तोंडं पांढरीफटक. भजन नाही, रामनाम नाही. प्रेम धावत गेला आणि खांदा दिला.

"काका, एवढा उशीर? माह्यासाठी थांबले होते काय?"

भगवानकाकांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा बाप्या, कधी डोळ्यांतून टिपूस काढला नाही. आज त्यांचे गाल ओले होते.

"थांबलो कुठी?" ते म्हणाले. "दुपारीच उचललं ना बाप्पा! दुपारपासून चालूनच राह्यलो. घर ते स्मशान. रस्ताच संपून नाई राह्यला..."

आमच्या घरापासून स्मशान म्हणजे हाकेवर. चांगला डांबरी रस्ता, कडेला घरं, पिठाची गिरणी. त्या रस्त्यावर ते सगळे दुपारभर आबांना खांद्यावर घेऊन चालत होते. गिरणी यायची, जायची, पुन्हा गिरणी यायची. घरांची दारं बंद. एक माणूस दिसलं नाही. खांदे सुजले, पण खाली ठेवायची कुणाची छाती झाली नाही. आणि मग एकदम, आत्ताच, समोर फाटक दिसलं. फाटकाशी प्रेमची गाडी.

आणखी एक गोष्ट मी स्वतः पाहिली. संध्याकाळी सगळे आंघोळीला आले तेव्हा.

त्या सगळ्यांच्या धोतरांना, पँटींना वाळलेली पानं चिकटली होती. कपाशीची. पायांना पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्याच, फांद्यांचे ओरखडे होते. डांबरी रस्त्यावरून चाललेल्या माणसांच्या.

अग्नी प्रेमनेच दिला. सूर्याची कड उरली होती तेव्हा.

रात्री कौशल्याआजीने, आमच्या आजीने, त्याला जवळ बसवलं. दिवसभर ती दगडासारखी बसून होती.

"कोन्या रस्त्यानं आला रे?"

त्याने सांगितलं. उंद्री, पांदण, पिंप. म्हातारीचं सांगितलं नाही. आजीने स्वतःच विचारलं.

"कोनी भेटलं?"

प्रेमने हो म्हटलं. आजीने पदर तोंडाला लावला.

कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या काळात आबांनी उंद्रीच्या पुढचं ते वावर मक्त्याने, म्हणजे भाड्याने, केलं होतं. हे आम्हा दोघांना माहीतच नव्हतं. तेव्हा सगळेच पेरत होते, जिथे बोटभर माती दिसेल तिथे. धुरे गेले, बांध गेले. वावराच्या मधून एक पांदण जायची, पलीकडच्या वस्तीची, तिच्या नाल्याकाठच्या स्मशानापर्यंत. आबांनी ती वखरली आणि तिच्यावर बीटी लावली. वस्तीवाल्यांना दुसरी वाट होती, लांबून.

"भादव्यात थ्या वस्तीवरची म्हातारी गेली," आजी सांगत होती. "ताटी घेऊन आले लोकं. तुहा आजा आडवा झाला. म्हने उभ्या पऱ्हाटीतून जाऊ देत नाई. घुमून जा. मी तिथंच होती रे डब्बा घेऊन. मी काई बोलली नाई. पानी पडून राह्यलं होतं. नाल्याले पूर. घुमून गेले थे लोकं, ताटी खांद्यावर..."

"मंग?"

"मंग काय? दिवस बुडाला. पोचले नाई. तिले आग भेटली नाई."

प्रेम म्हणाला, "मी सोडलं तिले, आजी. नाल्यापाशी. आता झालं."

आजी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला हायसं वाटेल. तिने मान हलवली.

"दोन वर्सं पेरलं आपुन थे वावर," ती म्हणाली. "थे एकलीच होती काय बाप्पा? किती ताट्या घुमवल्या, मले मोजता नाई येत."

तेराव्यानंतर प्रेम आणि भगवानकाका उंद्रीच्या पुढे जाऊन आले. पांदण नाहीच. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत उभी कपाशी, दुसऱ्याच कुणीतरी केलेली. वेचणाऱ्या बाया होत्या, रेडिओ चालू होता. पांदण विचारल्यावर शेतकरी हसला. म्हणाला, तुम्ही कोणत्या जमान्यातलं विचारून राह्यले?

प्रेमने बुलेट विकली. लेहला गेला नाही. नवा रस्ता दिसला की आजही तो थांबतो, आधी कुणाला तरी विचारतो.

आमच्या घराने मात्र तेव्हापासून एक रीत धरली. कुणी शिकवली नाही, आपोआप पडली. घरातलं कुणी जायला टेकलं की आधी एकाने स्मशानापर्यंत चालत जायचं आणि चालत परत यायचं. रस्ता पोचतोय का, ते पाहून यायचं. भगवानकाकांच्या वेळी प्रेम जाऊन आला. काकूच्या वेळीही तोच. दोन्ही वेळा चहा निवायच्या आत परत आला होता. लोक हसतात. हसू देत.

आज हे लिहायला बसले, कारण दुसरं काही सुचत नाहीये.

कौशल्याआजीने परवापासून पाणी सोडलंय. सकाळी डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना बोलावून घ्या. प्रेमने आजीच्या पायांना हात लावला, चप्पल घातली आणि रस्ता पाहून येतो म्हणून निघाला.

सकाळीच निघाला. आता उन्हं उतरायला लागली आहेत. शेजारची दोन माणसं त्याला पाहायला गेली. तीही अजून आलेली नाहीत.

आजीचा श्वास लांबत चाललाय. मघाशी तिने डोळे न उघडता विचारलं, "आला काय प्रेम?"

मी म्हटलं, "येऊनच राह्यला, आजी."

तिने माझा हात धरला. मी तो दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवलाय, आणि तिच्या कानाशी एकच सांगतेय.

घाई नको करू, आजी. थांब जराशी.